फॉर्मवर बोलीचा रकाना वाढवा: खान्देशातल्या एथिक्स कमिट्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, एथिक्स कमिट्या,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार इथली वैद्यकीय महाविद्यालयं,
कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव,
तसंच आरोग्याच्या पाहणीसाठी बाहेरून खान्देशात येणाऱ्या सर्व संशोधन संस्था

विषय: प्रत्येक आरोग्य अभ्यासात घरची बोली, मुलाखतीची बोली आणि दुभाष्याची नोंद सक्तीची करण्याबाबत

महोदय, महोदया,

मी आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झाले. माहेर साक्री तालुक्यातलं, त्यामुळे घरची बोली अहिराणी. नोकरीचा बराच काळ शहादा आणि धडगाव तालुक्यांत गेला, तिथे पावरी कानावर पडत पडत बोलायलाही आली. आता पाहणीसाठी येणाऱ्या पथकांसोबत दुभाषी म्हणून जाते आणि त्यांच्या मुलामुलींना दारात उभं राहून प्रश्न कसा विचारायचा ते शिकवते. हे पत्र त्याच कामातून लिहिते आहे.

मागणी एकच आहे, ती आधीच सांगते. खान्देशात होणाऱ्या कुठल्याही आरोग्य अभ्यासाच्या फॉर्मवर नाव, वय, जात, शिक्षण यांच्या शेजारी आणखी थोडी जागा ठेवा. या माणसाच्या घरात कुठली बोली बोलतात, मुलाखत प्रत्यक्षात कुठल्या बोलीत झाली, मधे कुणी उलथा (भाषांतर) करून सांगितलं का, आणि सांगितलं असेल तर ते माणूस उत्तर देणाऱ्याचं कोण लागतं, एवढं तिथे लिहिलं जावं. ज्या प्रस्तावात ही सोय नसेल तो परत पाठवावा. माणसांवरच्या अभ्यासाला मंजुरी तुमची एथिक्स कमिटी देते, तेव्हा अधिकार तुमच्याकडे आहे. पथक गावात पोचल्यावर आमच्यासारख्यांनी कितीही सांगितलं तरी छापून आलेला फॉर्म बदलत नाही.

अभ्यास नकोत, असं मी अजिबात म्हणत नाही. उलट आमच्यावर पुरेसे अभ्यास झाले नाहीत, ही माझी तक्रार आहे. माणसाचं मन कसं चालतं याबद्दल जे ज्ञान जगभर शिकवलं जातं, ते कुणावरून काढलं याचा हिशेब काही संशोधकांनी २०१० साली मांडला. ज्यांच्यावर अभ्यास झाले त्यांपैकी सुमारे ९६ टक्के माणसं पाश्चात्त्य औद्योगिक देशांतली होती, आणि जगाच्या लोकसंख्येत त्या देशांचा वाटा जेमतेम १२ टक्के. जनुकांच्या मोठ्या अभ्यासांची मोजदाद २०१६ साली झाली, तेव्हा त्यातही ८१ टक्के लोक युरोपीय वंशाचे निघाले. दुसऱ्या कुणाच्या अंगावर बेतलेलं माप आमच्या अंगावर चढवलं, की काय होतं हे आपल्याच राज्यात दिसलेलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत नवजात बाळं मोजली. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळाचं सरासरी वजन साडेतीन किलो, इथल्या बाळाचं २.७ किलो. पण एवढं हडकुळं बाळ असूनही त्याच्या अंगातली चरबी त्या मानाने टिकून होती. पुढे मधुमेह कुणाला होणार, याचा विचारच त्यामुळे बदलला. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ साली आशियाई लोकांसाठी बीएमआयचे (उंचीच्या मानाने वजनाच्या मापाचे) २३ आणि २७.५ हे वेगळे टप्पे सुचवले, कारण २५ येईपर्यंत थांबलं तर आपल्याकडच्या माणसाला उशीर झालेला असतो. हे सगळं कुणीतरी गावात जाऊन काटा लावला म्हणून कळलं. म्हणून या, मोजा, रक्त घ्या, प्रश्न विचारा. फक्त कुणाला मोजलं आणि कुणाशी बोललात, हे नीट लिहून ठेवा.

आता खान्देश म्हटलं की बाहेरच्यांच्या डोळ्यांसमोर केळी, भरीत आणि अहिराणी येते. पण तापीच्या काळ्या मातीतून सातपुड्याच्या अंगाला वर चढलं की दर दोन-चार कोसांवर माणसाचं बोलणं बदलतं. धुळे, साक्री, शिंदखेडा, अमळनेर, पारोळा भागात अहिराणी. रावेर, यावल, भुसावळच्या केळीच्या पट्ट्यात लेवा गणबोली, आणि त्याच पट्ट्यात डोंगराच्या पायथ्याशी तडवी. शहाद्याकडे गुजर घरांत गुजरी. धडगाव, शिरपूर, चोपड्याच्या डोंगरात पावरी. नवापुरात मावची आणि कोकणी (कोकणातली नव्हे, इथल्या कोकणा आदिवासींची), अक्कलकुवा-तळोद्यात देहवाली. चाळीसगाव, जामनेरच्या बंजारा तांड्यांवर गोरमाटी. इंग्रज भाषा-अभ्यासक ग्रिअर्सनने १९०७ साली छापलेल्या भाषासर्वेक्षणाच्या खंडात भिली आणि खान्देशी यांना मराठीच्या खंडापासून वेगळी जागा दिली होती. २०११ च्या जनगणनेतही खान्देशी ही मराठीहून वेगळी भाषा म्हणून मोजली आहे. ती सांगणारे सुमारे १८.६ लाख. पण माझ्या पाहण्यातल्या कितीतरी अहिराणी घरांनी जनगणनेवाल्याला मातृभाषा मराठी सांगितली आहे, म्हणजे खरा आकडा याहून मोठा असणार. भिलीचा आकडा देशभर मिळून एक कोटीच्या वर आहे आणि पावरी, मावची, कोकणी, तडवी, वसावा या सगळ्या त्याच एका नावाखाली मोडल्या आहेत. नंदुरबार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमाती ६९ टक्क्यांच्या आसपास आहेत. तुमच्या फॉर्मवर त्या सगळ्यांसाठी एकच अक्षरजोडी असते: एसटी.

ही जोडी किती अपुरी आहे ते सिकलसेलच्या, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराच्या, कामात सगळ्यात जास्त जाणवतं. आमच्या जिल्ह्यांत भिल, पावरा, मावची या समाजांत हा आजार आहे. हे जनुक टिकून राहिलं त्याचं कारण मलेरिया. आई किंवा बाप अशा एकाच बाजूने सिकलचं जनुक मिळालेल्याला, म्हणजे वाहकाला, फाल्सिपेरम जंतूचा जीवघेणा मलेरिया सहसा होत नाही. दोन्ही बाजूंनी मिळालं तर मात्र तो रुग्ण. लग्नं समाजातल्या समाजात होतात, त्यामुळे एका समाजात प्रमाण एक असतं आणि डोंगरापलीकडच्या दुसऱ्या समाजात दुसरंच. सगळे एसटीत ओतले की जी सरासरी येते ती त्यांतल्या कुठल्याच समाजाची नसते, आणि औषधं व तपासणीचं साहित्य मात्र त्या सरासरीवर वाटलं जातं.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं तिचं उद्दिष्ट आहे. काम मोठं आहे आणि ते व्हायलाच हवं. पण तपासणी म्हणजे नुसती बोटाला टोचणी नाही. सोल्युबिलिटीची साधी चाचणी रक्तात सिकल आहे एवढंच सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण, ते पुढच्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या चाचणीवरच कळतं. त्यानंतर खरं अवघड काम सुरू होतं, ते समजावण्याचं. नवरा-बायको दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. हे मी आजवर ज्या ज्या घरी सांगितलं, त्यांतल्या बऱ्याच घरी लोकांनी असा अर्थ लावला होता की चार मुलांपैकी एक आजारी होतं, ते झालं, आता पुढची तीन सुटली. ही समजूत अडाणीपणातून आलेली नाही. कुणी तरी घाईत, त्यांच्या कानाला परक्या भाषेत ‘पंचवीस टक्के’ असं सांगून गेलं होतं, आणि त्यांनी त्याचा आपल्या परीने हिशेब लावला. हा हिशेब दुरुस्त करायला एकदा बसून, त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच घरातली उदाहरणं घेऊन बोलावं लागतं. प्रत्येक गरोदरपणासाठी चार मुठी नव्याने मिटायच्या आणि पुन्हा उघडायच्या, असं करत मी ते दाखवते. ‘समुपदेशन केले’ या रकान्यात बरोबरची खूण आहे, पण ते कुठल्या बोलीत केलं याची नोंद नाही. मग ज्या गावात समजूत चुकली ते गाव शोधायचं कसं?

या निकालाचं ओझं मुलींवर जास्त पडतं, हेही समितीने ध्यानात घ्यावं. वाहक असणं म्हणजे आजारी असणं नव्हे. पण चिठ्ठी शेजारच्याने वाचली की सोयरीक मोडू शकते. आमच्याकडच्या आदिवासी समाजांत देज, म्हणजे मुलाकडून मुलीच्या घरी रक्कम, देण्याची रीत आहे, बोलणी पंचांसमोर होतात, आणि तिथे कुणीतरी ‘हिच्या रक्तात आहे’ असं म्हटलं की पोरीचा बाप खाली मान घालून बसतो. मुलाच्या रक्ताची चिठ्ठी मात्र कुणी मागत नाही. म्हणून निकाल चावडीवर वाटायचे नाहीत, एकेकाला वेगळं बसवून, कळेल अशा बोलीत सांगायचे, ही अट मंजुरीच्या पत्रातच घाला.

आता संमतीपत्राविषयी. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहेत. सहभागी माणसाला समजेल अशा भाषेत माहिती द्यायची, निरक्षर असेल तर अंगठा घ्यायचा आणि त्या वेळी अभ्यासाशी संबंध नसलेला निःपक्ष साक्षीदार हजर ठेवायचा. समितीपुढे मराठी पत्रक येतं, त्याचा उलट अनुवादही जोडलेला असतो, आणि ‘स्थानिक भाषा’ या अटीपुढे खूण होते. धडगावच्या वरच्या पाड्यावर ते पत्रक कसं वाचलं जातं ते सांगते. ओट्यावर बायका बसलेल्या. पथकातली मुलगी नाशिककडची, चांगली, कष्टाळू. पत्रक चार पानांचं. ती शुद्ध मराठीत वाचत जाते, ‘गोपनीयता’, ‘ऐच्छिक’, ‘कोणत्याही टप्प्यावर माघार’. बायका पदर दातात धरून ऐकतात. पान उलटलं की एकमेकींकडे बघतात. वाचून झालं की आशाताई पावरीत एकच वाक्य बोलते, त्याचा अर्थ एवढाच की रक्त तपासायचं आहे, अंगठा द्या. सगळ्याजणी अंगठा देतात, आणि साक्षीदार म्हणून सही त्याच आशाताईची, जिने सकाळी त्यांना घरोघरी जाऊन बोलावून आणलेलं असतं. कागद अगदी नियमात बसतो. त्या बायकांनी नेमकं कशाला होकार दिला, ते मात्र त्यांना ठाऊक नसतं.

आशाताईला मी दोष देत नाही. गावात तिच्याशिवाय पानही हलत नाही आणि प्रत्येक पथक तिच्याच खांद्यावर ओझं टाकतं. पण बोलावणारी, उलथा करून सांगणारी आणि साक्ष देणारी एकच असू नये, हे तुम्ही बसल्या जागी ठरवू शकता. पावरीतलं, मावचीतलं संमतीचं बोलणं आवाजात मुद्रित करून मोबाइलवर ऐकवता येतं. पाच मिनिटांचं, गावातल्याच बाईच्या आवाजातलं, मधे थांबून प्रश्न विचारता येईल असं. मी हे करून पाहिलं आहे. बायका ऐकतात, थांबवतात, पुन्हा लावायला सांगतात. आणि मग काहीजणी ‘नको’ म्हणून उठूनही जातात. नकार देणाऱ्या निघाल्या, म्हणजे संमती विचारली गेली, असं मी मानते.

‘अहिराणी माणसाला तर मराठी कळतं की’, हे मला नेहमी ऐकावं लागतं. कळतं. शाळा मराठीत, टीव्ही मराठीत, तहसीलचे कागद मराठीत. पण आमच्याकडे साहेबाशी बोलायची मराठी निराळी आणि दुखलंखुपलं सांगायची बोली निराळी. मराठीत विचारलं, ‘तब्येत कशी आहे?’ की उत्तर येतं, ‘चांगली आहे.’ तेच ओट्यावर टेकून म्हटलं, ‘काय माय, कसं शे आंग?’ की मग गुडघा निघतो, झोप निघते, सुनेशी झालेलं बोलणं निघतं. दोन्ही उत्तरं एकाच बाईची, एकाच दिवसाची. तुमच्या तक्त्यात यांतलं कुठलं गेलं, ते रकान्याशिवाय कळायला मार्ग नाही. आणि मग दोन तालुक्यांची तुलना होते. एका तालुक्यात प्रश्न विचारणारी मुलं स्थानिक होती, दुसऱ्यात बाहेरची. पहिल्या तालुक्यात सांधेदुखी जास्त, असा निष्कर्ष निघतो. तो फरक सांध्यांमधला आहे की बोलण्यामधला, हे पुढे कुणीही सांगू शकणार नाही.

म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणशक्तीची तपासणी हल्ली वाढली आहे, आणि ते चांगलंच आहे, कारण घराघरात म्हातारपण वाढलंय. पण त्यातला एक प्रसंग सांगते. वैशाखातलं ऊन, एका गावात ऐंशीच्या पुढच्या एक आजी खाटेवर बसलेल्या. तपासणाऱ्या मुलाने विचारलं, ‘आज तारीख कोणती?’ आजी म्हणाल्या, ‘तारीख-बिरीख माले नही कयस. आखाजी व्हयीसन चार दिन व्हयनात.’ आणि पुढे स्वतःहून सांगितलं की मोठी आंडेर काल सासरले गयी. दिवस अगदी बरोबर होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेली लेक, ती गेली तो दिवस, त्यावरून त्यांनी काळ अचूक मोजला होता. मुलाने तारखेपुढे शून्य लिहिलं, महिन्यापुढे शून्य लिहिलं. पुढचा प्रश्न वाक्य लिहून दाखवण्याचा होता. आजी शाळेत गेलेल्या नाहीत, तिथेही शून्य. एवढ्या शून्यांची बेरीज झाली की कागदावर आजींना विस्मृतीचा आजार होतो.

यावर उपाय आपल्याच देशात फार पूर्वी काढला गेला आहे. हरियाणातल्या बल्लभगडला भारत आणि अमेरिकेच्या संशोधकांनी मिळून विस्मृतीचा अभ्यास केला. तिथली म्हातारी माणसंही बहुतेक निरक्षर. त्यांनी इंग्रजीतली चाचणी उचलून हिंदीत घातली नाही, तर एकेक प्रश्न तिथल्या माणसांवर तपासून नव्याने बांधला. कागदावरची सूचना वाचून तसं करा, याऐवजी माझ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा. वाक्य लिहा, याऐवजी तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा. १९९५ साली ही हिंदी चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्या जोरावर बल्लभगडची आणि अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या एका भागाची तुलना करता आली, आणि अल्झायमरचं प्रमाण बल्लभगडला खूपच कमी आढळलं. ते कमी का, यावर शास्त्रज्ञ वाद घालोत. पण तो वाद घालण्याजोगा आकडा तरी हाती आला, कारण माणूस निरक्षर असणं आणि माणूस विसराळू असणं यांची त्यांनी गल्लत होऊ दिली नाही. अहिराणीत, पावरीत असं काम झालं तर आखाजी, पोळा, होळी, बाजाराचा वार यांवरून काळ विचारता येईल. यासाठी मोठा निधी लागत नाही. एक-दोन भाषेचे जाणकार, दहा-पंधरा म्हातारी माणसं आणि धीर लागतो.

उत्तराच्या पायऱ्यांचंही तसंच. ‘कधीच नाही, क्वचित, कधी कधी, बऱ्याचदा, नेहमी’ अशा पाच पायऱ्या मनाच्या आजाराच्या जवळपास प्रत्येक फॉर्मवर असतात. आमच्या बायका या पायऱ्यांवर चढत नाहीत, त्या गोष्ट सांगतात. ‘दिवाळीपासून जीव कशातच लागत नही’ असं सांगून झालं की पथकातली मुलगी थकून ‘कधी कधी’वर खूण करते. मी मक्याचे दाणे घेऊन बसते. सात दाणे समोर ठेवायचे, आठवड्याचे सात दिवस म्हणून, आणि सांगायचं की ज्या दिवशी असं वाटलं तेवढे दाणे माझ्याकडे सरकव. बाई विचार करते, चार सरकवते, थोड्या वेळाने एक परत घेते. असा परत घेतलेला दाणा मला कुठल्याही छापील पायरीपेक्षा खरा वाटतो.

मधे बसून उलथा करणाऱ्याचं नातं लिहा, असा आग्रह मी का धरते, तेही सांगायला हवं. दुभाषी मिळाला नाही की घरातलंच माणूस पुढे येतं. नवरा बायकोचं सांगतो, सून सासूचं, शाळेत जाणारा पोरगा आईचं. पोरगा समोर असताना अंगावरून पांढरं जातं का, हा प्रश्न आईला विचारता येतो का? नवऱ्याच्या तोंडून बायकोला विचारायचं की तुला मारहाण होते का? असे कागद मी पाहिले आहेत, त्यांवर सगळीकडे ‘नाही’ असतं. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांचा अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. दोन गावांतल्या ६५० बायकांपैकी ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग निघाला, आणि त्यातल्या फारच थोड्याजणींनी आधी कधी तपासून घेतलं होतं. तपासणारी डॉक्टर बाई होती, आणि बायकांशी नीट बोलणं झालं होतं, म्हणून ते बाहेर आलं. खान्देशातल्या बायकांचं दुखणं यापेक्षा कमी असेल असं मानायला मला काही कारण दिसत नाही. ते कागदावर कमी दिसतं, तेव्हा कागद कुणाच्या तोंडून भरला ते आधी बघावं लागेल. दुभाष्याचं नाव नको, त्याने उगाच भीती वाढेल. नातं आणि बोली एवढं पुरे.

हंगामाचंही थोडं. दिवाळी झाली की नंदुरबार, साक्री, नवापूर, चाळीसगाव, पारोळ्याकडची हजारो कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत आणि राज्यातल्या कारखान्यांवर जातात, लेकरंबाळं घेऊन. अभ्यासाचा निधी मार्चअखेर खर्ची पडायचा असतो म्हणून पथकं जानेवारी-फेब्रुवारीत येतात. पाड्यावर तेव्हा म्हातारी माणसं आणि आजारी पोरं उरलेली असतात. त्यांच्यावरून गावाचं आरोग्य काढलं की ते नेहमीपेक्षा वाईट दिसतं, आणि अंगमेहनतीची, विंचूकाट्याची, कोपीत (ऊसतोडीच्या झोपडीत) झालेल्या बाळंतपणाची दुखणी तर पार गळून जातात, कारण ती सोसणारी माणसं फडात असतात. माणसं परत येतात होळीला. काठी गावच्या होळीला आणि आजूबाजूच्या गावांच्या होळ्यांना ज्यांनी नवस बोललाय ते पाळणी पाळतात, त्या काळात अंघोळ करत नाहीत, खाटेवर बसत नाहीत. त्याच आठवड्यात एक पथक ‘वैयक्तिक स्वच्छता’चा फॉर्म घेऊन आलं होतं. ‘रोज अंघोळ करता का?’ ला ‘नाही’ अशी खूण झाली आणि अहवालात त्या गावाची स्वच्छतेची जाणीव कमी असल्याचं छापून आलं. मुलाखतीची तारीख आणि गावात कुठला सण, कुठला हंगाम चालू होता, हे अर्ध्या ओळीत लिहिलं असतं तरी पुढच्या वाचणाऱ्याने हा अर्थ काढला नसता.

खर्च वाढेल, असं तुमच्यातले काहीजण म्हणतील. दुभाषी शिकवायला, मुद्रण करायला थोडा वाढेल. पण रकाना छापायला काही लागत नाही. परदेशी मदतीवर होणाऱ्या मोठ्या आरोग्य पाहण्यांच्या फॉर्मच्या पहिल्याच पानावर मुलाखतीची भाषा, उत्तर देणाऱ्याची मूळ भाषा आणि दुभाषी लागला का, हे विचारण्याची जुनी पद्धत आहे. म्हणजे मी काही जगावेगळं मागत नाही. फक्त आमच्याकडे या रकान्यात ‘इतर’ असं लिहून भागत नाही. यादीत अहिराणी, लेवा गणबोली, गुजरी, पावरी, मावची, कोकणी, देहवाली, तडवी, गोरमाटी ही नावं छापा, आणि एकाहून जास्त बोली असलेल्या घरासाठी दोन खुणा करायची मुभा ठेवा. सासू मावची आणि सून कोकणी, अशी घरं नवापुरात कमी नाहीत.

समितीच्या रचनेबद्दल एक विनंती. आयसीएमआरच्या नियमानुसार तुमच्या समितीत सात ते पंधरा सदस्य असतात आणि त्यांत एक सामान्य नागरिक असावा लागतो. ती जागा बहुधा शहरातल्या एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याकडे जाते. नंदुरबारच्या समितीत ती जागा पावरी किंवा मावची बोलणाऱ्या बाईला द्या, धुळ्याच्या समितीत अहिराणी बोलणाऱ्या शेतकरी बाईला द्या, आणि त्या बैठकीचे कागद तिला आधी वाचून दाखवायची सोय करा. ती विचारेल ते प्रश्न तुमच्या तज्ज्ञांना सुचणार नाहीत. अनुसूचित क्षेत्रात पेसा, म्हणजे ग्रामसभेला अधिकार देणारा कायदा, लागू आहे, तेव्हा अभ्यास सुरू होण्याआधी ग्रामसभेत सांगणं आलंच. पण ग्रामसभेचा ठराव झाला म्हणजे घरातल्या प्रत्येकाची संमती मिळाली, असं कुठल्याही संशोधकाने धरू नये.

आणि अभ्यास संपला की निष्कर्ष गावाला परत सांगायला या. इंग्रजी शोधनिबंध ज्या पाड्यावरून निघाला, तिथे त्याचं एक वाक्यही पोचत नाही. बाजाराच्या दिवशी, सगळ्यांची ये-जा असताना, तासभर बसून बोलीत सांगितलं तरी चालेल: तुमच्या गावात आम्हाला हे आढळलं, याचा अर्थ हा, आता दवाखान्यात हे मागा. लोक ऐकतात, आणि ऐकून दुरुस्तही करतात. एका ठिकाणी आम्ही निकाल सांगत असताना एका म्हाताऱ्याने उठून सांगितलं की तुम्ही ज्या विहिरीचं पाणी तपासलं ती आम्ही पिण्यासाठी वापरतच नाही. ही दुरुस्ती निबंध छापण्याआधी मिळाली, म्हणून बरं झालं. निष्कर्ष परत सांगण्याचा दिवस आणि त्याचा खर्च प्रस्तावातच दाखवावा, अशी अट घालता येईल.

पावरी आणि अहिराणीतलं संमतीचं मुद्रित बोलणं, सिकलसेलचा निकाल समजावण्याची पद्धत आणि दाण्यांवर उत्तरं घेण्याची रीत, हे सगळं मी आणि माझ्यासोबत काम करणाऱ्या आशाताई, अंगणवाडीताई कुठल्याही समितीपुढे येऊन करून दाखवायला तयार आहोत. त्यासाठी मानधनाची अपेक्षा नाही, येण्याजाण्याचं बसभाडं मिळालं तरी पुरे. तुमच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा रकाना घ्या आणि आम्हाला तारीख कळवा. ऊसतोडीवरून बायका होळीला परततात, तेव्हा बैठक त्यानंतरची असेल तर त्यांच्यातल्याही दोघीतिघी सोबत येतील.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
ता. साक्री, जि. धुळे